रिकामं वजन

एप्रिल संपत आला, वडनेरचं जिनिंग बंद.
आवारात सरकीचा वास तेवढा मागे राहिलेला,
आणि काट्याच्या खोलीत मी, कूलर,
अन् सेटिंगच्या फाईलमधला एक कुरळा कंस
जो सकाळपासून मिटत नाही.

मालकांनी सांगितलंय, सहा हंगामांच्या पावत्या
मदतनिसाला वाचता आल्या पाहिजेत.
मदतनीस एडिटरच्या उजव्या कडेला बसलाय,
जगातलं सगळं जाणतो,
वडनेर सोडून.
त्याला हात द्यायचे म्हणजे सर्व्हर लावायचा:
नाव, कमांड, रस्ता.
रस्ता मी बरोबरच लिहिला होता
पण फोल्डरचं नाव कुणीतरी 'काटा पावती' ठेवलेलं,
मधे एक मोकळी जागा,
आणि यंत्र दरवेळी त्या फटीत पाय अडकून पडायचं
नुसत्या 'काटा' नावाचं घर शोधत.
लाल ठिपका.
अवतरणचिन्हं लावली. लाल.
शेवटचा जास्तीचा स्वल्पविराम खुडला,
कापसातली काडी खुडावी तसा,
तेवढ्यात लाईन गेली.

देवाजी आसुटकर दाराशी स्टुलावर.
एकतीस हंगाम काटा केला त्यांनी,
आता नुसते येतात.
"कोणाले आत घेऊन राह्यली एवढं?"
"मदतनीस आहे काका. पावत्या वाचणार."
"मंग वाचू दे ना. त्याच्यासाठी एवढा घाम?"
"त्याला सांगावं लागतं, कुठली खोली, कुठलं दार."
"हे बरं हाय," म्हणाले,
"आमच्या टायमाले कोणीबी सरळ गल्ल्यापर्यंत जाये."

लाईन आली तीन वाजून दहा मिनिटांनी.
हिरवा ठिपका. चार टूल्स:
फोल्डर पाहा. पावती शोध. पावती वाच. पावती बदल.
चौथ्यावर बोट थांबलं.
आईच्या एका पावतीवरचा खरवडलेला आकडा
लहानपणी मी उन्हाकडे धरून पाहिला होता,
कागद तिथे पातळ झाला होता, बस.
चौथं बंद केलं.

मग त्यानं रीतसर विचारलं:
पावती वाचू का? एकदाच, की नेहमी?
एकदाच.
पुन्हा एकदाच. पुन्हा.
अकराव्यांदा मी कंटाळून 'नेहमी' दाबलं.

पाच मिनिटांत सहा हंगाम चाळून तो म्हणाला,
एका ट्रॉलीचं रिकामं वजन
मधेच बासष्ट किलोनं कमी भरतं.
सत्तेचाळीस वेळा. चालक दरवेळी तोच.
कारण सापडलं नाही.
टायर, डिझेल, किंवा काट्यातला दोष असू शकेल.

मी वाचून दाखवलं.
देवाजी इतके हसले की खर्रा सांडला.
"दोष कायचा बापा! शालिक होय तो.
भरल्या गाडीवर बसून राहे,
रिकामीच्या टायमाले चहाले जाये.
बासष्ट किलो शालिकच होता पोरी,
सेटरसकट."

"तुम्हाला माहीत होतं?"
"मी का आंधळा होतो?"
मग बराच वेळ ते बाहेरच्या काट्याकडे पाहत राहिले,
त्यावर एक कुत्रं झोपलं होतं,
पडद्यावर साडेअठरा किलो.
"कापूस बहिणीचा राहे त्याच्या.
अन् मालकाले बासष्ट किलो म्हंजे काय,
शेठच्या अंगावर बसते तेवढी रुई."

"याला सांगू का मग?"
देवाजींनी पुडी पुन्हा नीट घडी घातली.
"त्यानं इचारलं का तुले?"

विचारलं होतं.
आपल्याला कारण ठाऊक आहे का,
आणि खाली उत्तरासाठी एक रिकामी चौकट,
तिच्यात कर्सर उघडझाप करत.
कूलरचं पाणी संपून नुसता पंखा खडखडत होता.
मी बादली घेऊन उठले.